तरावीह पढवणारा मुलगा बँकेच्या काउंटरवर गप्प का होतो?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. भाऊ १९ वर्षांचा, सातवीपर्यंत पुण्यात, कोंढव्यातल्या महापालिकेच्या मराठी शाळेत, मग बाहेरगावच्या मदरशात. हिफ्ज झालंय, म्हणजे अख्खं कुराण पाठ, आणि आता आलिम कोर्सच्या, म्हणजे मौलाना होण्याच्या अभ्यासक्रमाच्या, चौथ्या वर्षाची परीक्षा देऊन शाबानच्या (रमजानच्या आधीच्या महिन्याच्या) सुट्टीत घरी आलाय, रमजानमध्ये जवळच्या मशिदीत तरावीह पढवतोय. पण मगरपट्ट्यातल्या तुमच्या ऑफिसचं कुणी घरी आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतो, बँकेत एकटा जात नाही, आणि पुढे काय करणार विचारलं तर म्हणतो "आपा, मला दुसरं येतं काय, इमाम होईन नाहीतर मामूंच्या दुकानात बसेन." तुम्ही विचारलंय की कॉन्फिडन्स वाढवायला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का, आणि शव्वालमध्ये, म्हणजे रमजाननंतरच्या महिन्यात मदरसा उघडला की, त्याला परत पाठवूच नये का.

मी आधी कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवायचो, गेली १७ वर्षं करिअर मार्गदर्शनाचं काम करतोय. रविवारी कोंढव्यात बसतो, तिथे मदरशातली मुलं पण येतात, बहुतेक वेळा कुणाची तरी बहीणच घेऊन येते, त्यामुळे तुमचा प्रश्न ओळखीचा वाटला.

क्लास लावू नका. निदान आत्ता तरी नको. कारण तुम्ही ज्याला कॉन्फिडन्स नसणं म्हणताय त्यात माझ्या मते तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक, काही गोष्टी त्याला खरंच येत नाहीत. दोन, ज्या येतात त्यांना बाहेरच्या जगात नाव नाही, म्हणून त्या येतात हे त्यालाच माहीत नाही. आणि तीन, हातात कागद नाही, दहावीचं सर्टिफिकेट नाही. या तिसऱ्याला आपण सगळे उगाच मनाचा प्रॉब्लेम समजतो. बँकेच्या फॉर्मवर 'शिक्षण' असा रकाना आला की त्याचा हात थांबतो ना, तो काही न्यूनगंड नाही हो, तिथे काय लिहायचं हे त्याला खरंच माहीत नाही. बारा तास अभ्यास करणाऱ्या मुलाने तिथे 'सातवी पास' लिहायचं? अशा मुलाला क्लासमध्ये आरशासमोर उभं करून 'मी करू शकतो' म्हणायला लावलं तर तो मनात हसेल, आणि बरोबरच आहे त्याचं.

आता तरावीहचं बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रमजानमध्ये रात्री वीस रकात जादा नमाज असते आणि त्यात हाफिज, म्हणजे कुराण पाठ असलेला, रोज साधारण सव्वा पारा (पारा म्हणजे कुराणाचा तिसावा भाग) तोंडपाठ म्हणत जातो, सत्ताविसाव्या रात्रीच्या आसपास कुराण पूर्ण होतं. एकूण ६,२३६ आयती. मागे शंभर-दोनशे माणसं उभी, त्यात स्वतः हाफिज असलेले म्हातारे, आणि चुकला की मागचा लगेच मोठ्याने दुरुस्त करतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. १९ वर्षांचा पोरगा सगळ्यांदेखत चुकतो, लुकमा घेतो, चूक सुधारतो आणि पुढे चालू ठेवतो, महिनाभर रोज. माझ्या ओळखीत बी-स्कूलची पोरं आहेत ज्यांना प्रेझेंटेशनमध्ये कुणी एक आकडा चुकला म्हटलं तर पुढचं वाक्य सुचत नाही. मग हा मुलगा घाबरट आहे असं कसं म्हणायचं?

१९७७ मध्ये अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ही गोष्ट नीट मांडली होती की स्वतःवरचा भरवसा हा सरसकट नसतो, कामागणिक वेगवेगळा असतो. पोहणाऱ्याला पाण्यात असतो, स्टेजवर असेलच असं नाही. तुमच्या भावाकडे तो मुसल्यावर, म्हणजे नमाजाच्या चटईवर, भरपूर आहे, काउंटरवर नाही. आणि करिअरशी याचा संबंध काय, तर १९८१ मध्ये नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट या दोघींनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलामुलींवर काम केलं होतं, त्यात दिसलं की ज्या नोकऱ्या पुरुषांच्या समजल्या जातात त्या आपल्याला जमतील असं मुलींना कमी वाटत होतं, चाचण्यांमध्ये कुवतीचा तसा फरक नसताना. म्हणजे माणूस पर्याय तपासून नाकारत नाही, आपला नाहीच म्हणून तिकडे बघतच नाही. तुमचा भाऊ 'इमाम नाहीतर दुकान' म्हणतो तेव्हा तेच चाललंय. दोनच दारं दिसतात कारण बाकीची दारं आपल्या घराची नाहीत असं त्याला वाटतं.

त्यात अजून एक. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण ३ टक्केच मदरशात जातात. लोकांना हे खरं वाटत नाही, पण याचा अर्थ बघा, तुमचा भाऊ तुमच्या स्वतःच्या खानदानात पण बहुधा एकटाच असणार. ईदला सगळे चुलत-मावस भाऊ कॅम्पसबद्दल बोलतात आणि हा शीरखुर्म्याच्या वाट्या उचलतो. तुलना रोज घरातच होते.

दुसऱ्या गोष्टीकडे येतो, जे येतं पण ज्याला नाव नाही. माझ्याकडे आलिमच्या वरच्या वर्षाचा एक मुलगा यायचा, गणितात झिरो आहे सर, अपूर्णांक बघितले की डोकं फिरतं म्हणायचा. मी म्हटलं ठीक आहे, फराइज शिकलास का? म्हणजे वारसाहक्काची वाटणी. म्हणाला हो. म्हटलं माणूस गेला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी, सांग वाटणी. दहा सेकंदही लागले नाहीत त्याला. बायकोचा आठवा हिस्सा, म्हणजे आठातला एक, उरले सात, ते मुलगा-मुलगीत दोनास एक वाटायचे, पण साताला तीनने भाग जात नाही, म्हणून आठ गुणिले तीन, चोवीसचा मसला, त्यात बायको ३, मुलगा १४, मुलगी ७. मी म्हटलं अरे हा लसावि आहे, सहावीपासून पोरं याला घाबरतात. तो म्हणाला, "सर हे गणित आहे? मला वाटलं हे फिकह आहे." फिकह म्हणजे इस्लामी कायदा. त्या दिवशी आम्ही अर्धा तास नुसते अपूर्णांकच केले आणि त्याने परत झिरोचा विषय काढला नाही. तुमच्या भावाला हा भाग अजून शिकवला नसेल, तो पुढच्या वर्षांत येतो. पण सर्फच्या गरदानी, म्हणजे अरबी क्रियापदांची रूपं, त्याने पाठ केल्यात, अरबी वाक्याची तरकीब तो सोडवतो, म्हणजे कोण कर्ता, कोण कर्म, कुठला शब्द कुणामुळे बदलला. ज्याला हे येतं त्याला इंग्रजी ग्रामर शिकवणं सोपं जातं, मी स्वतः अनुभव घेतलाय, फक्त शिकवणाऱ्याने 'फेल म्हणजे व्हर्ब, फाइल म्हणजे सब्जेक्ट' असं त्याच्या भाषेत सुरू केलं पाहिजे. आणि सबक, सबक-पारा, आमुख्ता, म्हणजे आजचा नवा धडा, या आठवड्यातला ताजा आणि जुन्याची उजळणी, या शिस्तीने ज्याने वर्षानुवर्षं पाठांतर केलंय त्याला अभ्यास कसा करावा हे मी काय शिकवणार.

मराठीचं पण सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की सात वर्षांत तो मराठी विसरलाय आणि 'ती आला' 'तो आली' झालं की लोक हसतात म्हणून बोलतच नाही. मी अशा मुलांना सरकारी कागद वाचायला बसवतो. अर्ज, दाखला, नक्कल, मुदत, हरकत, तपशील, हजर, सही, कायदा, वकील. हे सगळे शब्द अरबीतून, फारसीमार्गे आपल्याकडे आलेत आणि त्याला पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोरापेक्षा त्यांचा मूळ अर्थ जास्त कळतो. ग. ह. खरेंनी भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे जुने फारसी कागद मराठी भाषांतरासकट छापलेत, त्यातल्या एखाद्या पानाची झेरॉक्स मी पुढे ठेवतो. फारसीची सुरुवातीची पुस्तकं झालेली असली तर अडखळत का होईना मुलगा वाचतो. वर्गात मराठी हा परक्याचा विषय होता, तो जरा घरातला होतो. यातून नोकरी लागेल असं म्हणत नाही, फारसी मोडी वाचून पोट भरणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. पण वॉर्ड ऑफिसात तोंड उघडायला एवढं पुरतं.

आता कागद. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा.

दहावीसाठी दोन मुख्य रस्ते. एक आपल्या राज्य बोर्डाचा १७ नंबर फॉर्म, खाजगी विद्यार्थी म्हणून, पाचवी पास आणि वय १४ पूर्ण असलं की बसता येतं, पण परीक्षा नेहमीच्या मुलांबरोबर फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सगळे विषय एकदम. दुसरा एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय. माझा कौल तुमच्या भावासाठी एनआयओएसला, कारण तिथे पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि जो विषय सुटला तो जमा, परत द्यायचा नाही. आठवीचा दाखला नसला तर आपण तेवढं शिकलोय असं स्वतः लिहून दिलेलं चालतं. उर्दू माध्यम आहे. उर्दू आणि अरबी हे विषय म्हणून पण आहेत, तर पहिल्या खेपेला त्याला अरबी आणि उर्दूच देऊ द्या. मुद्दाम म्हणतोय. लोक उलटं करतात, जे कच्चं आहे ते आधी म्हणून गणित-इंग्लिश लावतात, पोरगा नापास होतो आणि मग 'बघा मी म्हटलं होतं ना'. बंडुराच्या म्हणण्यात पण भरवसा वाढवायला सगळ्यात जोरदार गोष्ट कुठली, तर स्वतः केलं आणि जमलं. दोन विषयांत चांगले मार्क आलेली मार्कशीट हातात पडली की बाकीच्या तीनला तो वेगळ्या मूडमध्ये बसतो. पण त्या तीनमध्ये गणित घ्याच, आणि पाचात भाषा दोनच धरतात म्हणून इंग्लिश जादा विषय म्हणून घ्याच, सोपे विषय घेऊन नुसती पास होण्याची पळवाट काढली तर पुढे डिप्लोमा वगैरेचे रस्ते बंद होतात आणि दोन वर्षांनी परत माझ्याकडे यावं लागतं.

काही मदरशांमध्ये एनआयओएसचं सेंटरच असतं, काही ठिकाणी उस्ताद परवानगी देतात, आणि काही ठिकाणी बाहेरची परीक्षा चालत नाही असा नियम असतो. तुमच्या भावाचा मदरसा यातला कुठला हे मला माहीत नाही आणि खरं सांगायचं तर तुमच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. अब्बांना फोन करायला सांगू नका, भावालाच उस्तादांशी बोलू द्या. नाझिमांसमोर, म्हणजे मदरशाच्या प्रमुखांसमोर, उभं राहून परवानगी मागणं हा पण एक इंटरव्ह्यूच आहे.

दुसरा एक रस्ता मुलांना माहीत असतो आणि पालकांना नसतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, दिल्लीचं जामिया मिल्लिया, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ ठरावीक मदरशांची आलिमची सनद, म्हणजे कोर्स पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, बीएच्या प्रवेशासाठी धरतात. अलीगढला २०१३ पासून मदरशाच्या मुलांसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स पण आहे. मात्र मदरशाचं नाव त्यांच्या यादीत असलं पाहिजे, ते आत्ताच बघून घ्या, सनद हातात आल्यावर नाही. युनानी डॉक्टर व्हायचं असेल तर मदरशातून आलेल्यांसाठी प्री-तिब नावाचं एक वर्ष असतं, मग बीयूएमएस साडेचार वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप. युनानी कॉलेज आपल्याकडे आझम कॅम्पसमध्ये पण आहे, एकदा त्याला नुसतं फिरवून आणा. यातलं काहीही केलं तरी दहावी मी करायलाच लावतो, कारण पुढे कितीतरी अर्जांमध्ये जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचंच सर्टिफिकेट मागतात आणि बीए झालेला माणूस तिथे अडतो.

नोकऱ्यांचं पटकन सांगतो, कारण लांबड लावून उपयोग नाही, आवड कळल्याशिवाय यादी म्हणजे हॉटेलचं मेन्यूकार्ड. पुण्यात अरब देशांतून पेशंट येतात, मोठ्या हॉस्पिटलांना अरबी दुभाषे लागतात. पण तिथे किताबी अरबी चालत नाही, येमेनी आजोबा बोलतात ते वेगळंच असतं, तर सहा महिने कान तयार करावा लागतो. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन कुराण आणि तजवीद, म्हणजे त्याच्या उच्चारांचे नियम, शिकवणारे हाफिज मला बरेच माहीत आहेत, चांगले पैसे मिळतात पण वेळा रात्रीच्या आणि महिना फिक्स नाही. उर्दू-अरबी डीटीपी, भाषांतर हे जोडधंदा म्हणून ठीक. आयटीआयला दहावी लागते, काही ट्रेडना आठवी चालते, औंधच्या आयटीआयत चौकशी करा, हाताने काम करायची आवड असेल तर मी यालाच वरचा नंबर देईन. शिक्षणाच्या कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे.

आणि इमाम होणं. तुमच्या प्रश्नात ते 'फक्त इमाम' असं आलंय, ते जरा खटकलं मला. दुसरं काही येत नाही म्हणून इमाम होणं वेगळं आणि ठरवून होणं वेगळं. कोंढव्यात एक इमामसाहेब माझ्या ओळखीचे आहेत, बीकॉम केलंय, शुक्रवारच्या बयानमध्ये (प्रवचनात) चार वाक्यं मराठीत बोलतात, पोलीस चौकीपासून शाळेच्या अ‍ॅडमिशनपर्यंत लोक त्यांना घेऊन जातात. छोट्या मशिदींमध्ये पगार इतका कमी असतो की ट्यूशनशिवाय घर चालत नाही हे पण खरंय, कमिटीवर सगळं अवलंबून. म्हणून हातात दुसरं काहीतरी असावं, एवढंच.

शव्वालमध्ये परत पाठवायचं का? माझं मत, पाठवा, जर त्याला स्वतःला जायचं असेल तर. मी हे एका चुकीतून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलाच्या वडिलांना समजावून त्याला तिसऱ्या वर्षातून काढायला लावलं होतं आणि कॉम्प्युटर हार्डवेअरच्या कोर्सला घातलं होतं. चार महिन्यांत सोडला त्याने. सगळं इंग्लिशमध्ये, वर्गात सगळ्यात मोठा हाच, आणि परत मदरशात जायची लाज वाटली. आज त्याचं चिकनचं दुकान आहे, बरं चाललंय, पण रस्त्यात दिसलो की तो फुटपाथ बदलतो. मी त्याचे कागद बघितले नव्हते, त्याला काय येतं ते विचारलं नव्हतं, नुसतं त्याला 'मेन स्ट्रीम'मध्ये आणायची घाई केली होती. चार वर्षं झालीत म्हणजे तुमचा भाऊ अर्ध्यावर आलाय, अर्धवट सनदीला मदरशाच्या जगात किंमत नाही आणि बाहेर तर नाहीच नाही. पण तोच म्हणाला की मला तिथे राहायचं नाही, तर मात्र अडवू नका, आणि कारण एकट्यात विचारा, अब्बांसमोर नको. कधी कधी कारण अभ्यासाचं नसतंच.

तोपर्यंत तुमच्या हातात सुट्टीचे जे दिवस उरलेत त्यात दोन-तीन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर यूपीएससी पास झालेल्या मौलानांचे व्हिडिओ फिरतात ते त्याला पाठवू नका. माणसं खरी आहेत, पण ती इतकी वर आहेत की बघून आपल्या मुलाला आपण अजूनच लहान वाटतो. त्यापेक्षा त्याच्याच मदरशातला दोन वर्षांनी मोठा, एनआयओएसची दहावी झालेला कुणी असेल तर त्याच्याशी एक चहा. आपल्यासारख्याला जमलं हे बघण्यात जी ताकद आहे ती फॉरवर्डमध्ये नाही.

दुसरं तुमच्याबद्दल, राग मानू नका. तुमच्या लिहिण्यावरून वाटलं की त्याचे फॉर्म तुम्ही भरता, बँकेत तुम्ही बोलता, ओळख करून देताना 'हा थोडा लाजाळू आहे' हे पण तुम्हीच सांगता. प्रेमानेच करता, पण त्याच्या कानावर तेच पडतं. बँकेत सोबत जा आणि बाहेरच्या बाकावर बसा. आत चुकेल, परत येईल, परत जाईल. घरी आल्यावर एवढंच विचारा की लुकमा कुणी दिला, काउंटरवाल्याने का मागच्या माणसाने. माझ्याकडचा एक मुलगा हे ऐकून खो खो हसला होता आणि तेव्हापासून आमच्यात तो शब्दच पडलाय, इंटरव्ह्यूवरून आला की फोन करतो, "सर आज दोन लुकमे."

पहिलं काम मात्र उद्याच करा. ईदची सुट्टी लागायच्या आत त्याच्या जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढा, अर्ज त्यानेच लिहायचा, मराठीत. आणि दाखला, आधार आणि मदरशाचं ओळखपत्र तिन्ही शेजारी ठेवून नाव बघा. एकावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहंमद, तिसऱ्यावर नुसतं एमडी, कुठे शेख पुढे तर कुठे मागे, असं असणारच, दहातल्या आठ मुलांचं असतं. जन्मतारीख पण बघा. फरक निघाला तर एनआयओएसचा फॉर्म भरायच्या आधी आधार दुरुस्त करा, नंतर निस्तरायला वर्ष जातं. काय निघालं ते इथेच लिहा, पुढचं मग सांगतो.